आमचा पार्क

शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर ज्याने आयुष्यातल्या हजारो संध्याकाळी काढल्या आहेत त्याने पार्काचा इतिहास लिहू नये, असे माझे आता मत झाले आहे. असे मत होण्याचे कारण म्हणजे तो मी एकदा लिहिलेला आहे. १९८९ साली आमच्या गल्लीतल्या एका उत्सवाची स्मरणिका निघाली. तीत ‘आमचा पार्क’ याच मथळ्याखाली मी आठ पाने खर्ची घातली होती. नारळाच्या वाड्यांपासून सचिन तेंडुलकरपर्यंत सारे काही त्यात आले होते. लेखाचे कौतुक झाले. दोघातिघांनी तर बिल्डिंगखाली थांबवून पाठ थोपटली. मी मोठ्या ऐटीत एक प्रत कचेरीत नेली आणि शेजारच्या टेबलावरच्या मराठवाड्यातल्या एका सहकाऱ्याला वाचायला दिली. त्याने जेवणाच्या सुट्टीत ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, घडी नीट करून परत दिली आणि विचारले, “लेख छान आहे. पण तुमच्या पार्कात ६ डिसेंबर नसतो का हो? आम्ही दरवर्षी तिथे येऊन झोपतो, म्हणून विचारले.”

मी काहीतरी पुटपुटलो. जागा कमी होती, संपादकांनी काटछाट केली, असे काहीसे. ते खरे नव्हते. लिहिताना ६ डिसेंबर मला आठवलाच नव्हता. ज्या गॅलरीत बसून मी ती आठ पाने लिहिली, त्या गॅलरीखालून दरवर्षी लाखो माणसे जात होती, आणि तरी आठवला नव्हता. तेव्हा त्या लेखाची ही दुसरी आवृत्ती समजावी.

सुरुवात मात्र तिथूनच करावी लागेल, कारण नारळाच्या वाड्या खऱ्याच होत्या. आज जिथे पार्क आहे तो भाग जुन्या माहीम बेटाचा. बिंब राजाची राजधानी म्हणून बखरीत ज्याचे नाव येते तेच हे माहीम. समुद्राकाठी कोळी, वाड्यांतून माडी काढणारे भंडारी, शेती-बागाईत करणारे पाठारे क्षत्रिय, शिवाय पोर्तुगिजांच्या काळी ख्रिस्ती झालेली कुटुंबे, अशी इथली मूळ वस्ती. दादरचे पोर्तुगीज चर्च १५९६ चे. त्याची आजची इमारत चार्ल्स कोरिआ यांनी बांधली आणि ती १९७७ मध्ये पुरी झाली, पण चर्चची जागा तीच. पार्काच्या पूर्वेकडून जाणारा लेडी जमशेटजी रोडही आमच्याहून पुष्कळ जुना. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी ओलांडताना होड्या बुडत. कंपनी सरकार पूल बांधायला पैसे देईना. तेव्हा जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये स्वतः दिले आणि १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. त्या बाईंचे नाव आम्ही दिवसातून दहा वेळा घेतो, पण ते ‘एल. जे. रोड’ असे घेतो, म्हणजे घेतच नाही.

वाड्यांचे शहर व्हायला कारण झाले ते उंदीर. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवी, गिरगाव, भुलेश्वर या दाट वस्त्यांतून माणसे पटापट मेली आणि सरकारला जाग आली. १८९८ मध्ये सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि शहर उत्तरेकडे पसरवण्याचे आराखडे निघाले. रेल्वेच्या पूर्वेला हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी अशा रेखीव वसाहती झाल्या. पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला, नगरपालिकेने १९२५ साली सुमारे २८ एकरांचे एक मैदान मोकळे केले. त्याचे पहिले नाव होते माहीम पार्क.

दोन वर्षांनी, १९२७ साली, ते नाव बदलले. छत्रपतींच्या जन्माला तीनशे वर्षे पुरी झाली म्हणून त्यांचे नाव मैदानाला द्यावे, ही मागणी नगरपालिकेत लावून धरली अवंतिकाबाई गोखले यांनी. नगरपालिकेवर गेलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. १९१७ साली चंपारणात गांधीजींबरोबर काम केलेल्या आणि १९१८ साली गांधीजींचे मराठी चरित्र लिहिलेल्या. गंमत अशी, की तीनशे वर्षांचा तो हिशेब १६२७ हे जन्मवर्ष धरून केलेला होता. पुढे संशोधकांनी पुरावे तपासले आणि आज राज्य शासन १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मानते. म्हणजे आमचे नामकरणच तीन वर्षे आधी झाले. त्याने काही बिघडले नाही. बारशाला मुहूर्त चुकला म्हणून मुलाचे नाव बदलत नाहीत. २०२० साली महापालिकेने ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ असे पूर्ण नाव दिले, एवढाच त्यात फरक.

माझे वडील, आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू, १९४१ साली गिरगावातल्या चाळीतली दोन खोल्यांची जागा सोडून इथे आले. नात्यातल्या लोकांनी त्यांना वेड्यात काढले. “दादरला? जंगलात?” असे आजी म्हणाली होती म्हणे. पार्काभोवतीच्या बहुतेक इमारती त्या दहा-पंधरा वर्षांतल्या. दोन-तीन मजल्यांच्या, सिमेंट काँक्रीटच्या, गोलाकार गॅलऱ्यांच्या, आगबोटीच्या कठड्यासारखे कठडे असलेल्या. दारात ‘जागा भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या. घरमालक भाडेकरूला चहा पाजून जागा दाखवीत, हे भाऊ सांगत तेव्हा आम्हाला ती परीकथा वाटे. चाळीतल्या माणसाला इथे तीन गोष्टी पहिल्यांदा मिळाल्या: घरातला संडास, स्वतंत्र स्वयंपाकघर आणि समुद्राचे वारे. आईला चौथी मिळाली आणि ती तिने पुढे चाळीस वर्षे बोलून दाखवली. गिरगावात तिच्या फोडणीचा वास घेऊन शेजारीण आत काय शिजते ते सांगत असे. इथे दार लावले की लावले.

तरी वास लपत नसत. आमच्या जिन्यात तळमजल्यावर कायस्थ प्रभूंच्या घरी सोड्यांची खिचडी, पहिल्या मजल्यावर सारस्वतांकडे तिरफळ घातलेली बांगड्यांची आमटी आणि दुसऱ्यावर आमच्याकडे अळूचे फदफदे, असा चढत्या क्रमाने पवित्र होत जाणारा जिना होता. हे वाक्य त्या स्मरणिकेत होते आणि त्यावर सर्वांत जास्त लोक हसले होते. आज ते लिहिताना माझ्या लक्षात येते की या जिन्यात जेवढ्या जाती होत्या तेवढ्यांचीच आम्ही ‘सर्व प्रकारचे लोक’ म्हणून गणना करीत असू.

पण परके कोणी नव्हते असेही नाही. बंगाली मंडळींचा क्लब पार्कातच, आणि त्यांची दुर्गापूजा मुंबईतल्या जुन्या पूजांपैकी. नवरात्रात आमच्या घरी घट बसलेले असत आणि मी पार्कात जाऊन बंगाल्यांची खिचडी खाऊन येई. ढाक वाजू लागला की पाय थांबत नसत. शेजारीच समर्थ व्यायाम मंदिर. तिथे मी चार वर्षे मल्लखांबाला तेल पुसले, त्यावर चढणे मात्र फारसे जमले नाही. त्याच पार्कात फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. परदेशांतली मुले-मुली आमच्या लाल मातीत येऊन त्या खांबावर उलटी लटकली आणि कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटल्या. त्या म्हाताऱ्यांत मी होतो.

क्रिकेटचे वेगळे काय सांगायचे? विजय मांजरेकर, अजित वाडेकर, संदीप पाटील ही नावे इथे घरच्या मुलांसारखी उच्चारली जात. वाडेकरांच्या संघाने १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या तेव्हा विजय आमच्या गल्लीचाच झाला होता. आचरेकर सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत ही गोष्ट आता शाळेच्या पुस्तकात शोभेल इतकी सर्वांना ठाऊक आहे. ३ डिसेंबर २०२४ रोजी पार्कात त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले, ते सचिनच्याच हस्ते. मला स्वतःला त्या नाण्यापेक्षा एक दुसरे दृश्य अधिक आठवते. एकाच वेळी पंधरावीस सामने चाललेले, एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीवर उभा, आणि तरी कोणाचा चेंडू कोणाचा हे सर्वांना बरोबर कळते. खेळ संपेपर्यंत मैदान कोणाचे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

सभांच्या वेळी मात्र तो प्रश्न येई. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत मी सहा ते दहा वर्षांचा होतो. आचार्य अत्र्यांचा आवाज कर्ण्यातून थेट आमच्या गॅलरीत येई. भाऊ आरामखुर्चीत बसून ऐकत आणि मोठा हशा झाला की उठून उभे राहत. १०६ हुतात्म्यांचा हिशेब त्यांच्या डायरीत होता. ३० एप्रिल १९६० च्या रात्री नव्या राज्याच्या आनंदाचा सोहळा पार्कात झाला तेव्हा त्यांनी मला कट्ट्यावर उभे केले आणि एका हाताने घट्ट धरून ठेवले. दिवे, फटाके, माणसांचा समुद्र. यशवंतराव चव्हाणांचे भाषण मला एक अक्षर कळले नाही, पण भाऊ रडले ते कळले. १९६६ हे साल तर पार्काच्या पंचांगात ठळक अक्षरांत लिहावे असे. फेब्रुवारीत पलीकडच्या सावरकर सदनात सावरकरांचे प्राण गेले. त्याच वर्षी पार्कात महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला, नाव पडल्यावर जवळजवळ चाळीस वर्षांनी. त्याच्या हातात तलवार नाही, हात नुसता पुढे केलेला आहे. आणि ३० ऑक्टोबरला शिवसेनेचा पहिला मेळावा भरला. पुढे १९९५ मध्ये आणि २०१९ मध्ये मुख्यमंत्र्यांचे शपथविधी इथे झाले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचा आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये लता मंगेशकर यांचा अंत्यविधीही इथेच झाला. मराठी मुलुखात काही मोठे घडले की ते आमच्या गॅलरीसमोर घडणार, अशी आम्हाला सवय लागली. सवयीचे रूपांतर मालकी हक्कात केव्हा झाले ते कळले नाही.

आता जे सांगायचे ते सांगतो. ७ डिसेंबर १९५६ ची दुपार मला आठवते, पण तुकड्यांनी. डॉ. आंबेडकरांची अंत्ययात्रा दादरच्या चौपाटीकडे निघाली होती आणि आमच्या गल्लीतूनही माणसे चालली होती. पांढरे कपडे, आणि आवाज नाही. एवढी गर्दी आणि आवाज नाही, याची मला भीती वाटली. आजीने खिडक्या लावून घेतल्या. भाऊ गॅलरीतच उभे राहिले. पुढे त्या जागी चैत्यभूमी उभी राहिली आणि ५ डिसेंबर १९७१ रोजी तिचे उद्घाटन झाले. दरवर्षी लोक वाढत गेले. विदर्भातून, मराठवाड्यातून, आगगाडीच्या डब्यात उभे राहून येणारे. पार्कात मंडप पडत. माणसे तिथेच झोपत, तिथेच भाकरी खात. आणि आमच्या गल्लीत खिडक्या लागत. त्या दोन-तीन दिवसांत पुष्कळजण लोणावळ्याला किंवा पुण्याला बहिणीकडे जात. कारण विचारले तर ‘धूळ फार होते’ हे उत्तर ठरलेले. धूळ दसऱ्यालाही होत असे.

सत्तरीच्या दशकात एका वर्षी एक बाई लहान मुलाला घेऊन आमच्या फाटकाशी आली आणि तिने पाणी मागितले. फाटकाजवळच्या नळाला त्या दोन दिवसांसाठी कुलूप लावलेले होते. बिल्डिंगच्या सभेत तसे ठरले होते. तळमजल्यावरचे एक वयस्क गृहस्थ तिला म्हणाले, “पुढे सार्वजनिक नळ आहे.” ती काही न बोलता गेली. मी गॅलरीत उभा होतो, घरात माठ भरलेला होता, आणि मी वीस पायऱ्या उतरलो नाही. पुढच्या वर्षी भाऊंनी स्वतःच्या पैशाने एक माठ आणि दोन पेले फाटकाशी ठेवले. त्यावरून सभेत वाद झाला. पेले धुणार कोण, असे एकाने विचारले. “मी,” असे भाऊ म्हणाले आणि तीन वर्षे त्यांनी ते धुतले. नंतर त्यांना जिने उतरवेनात आणि माठ बंद झाला. मी तो चालू ठेवला नाही.

आणि आमचा पत्ता काय? केळुसकर मार्ग. लहानपणापासून हे नाव पाकिटावर लिहिणाऱ्या मला केळुसकर कोण हे चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. त्या सहकाऱ्याच्या प्रश्नानंतर लाजेखातर वाचायला लागलो तेव्हा कळले. कृष्णराव अर्जुन केळुसकर, वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे, मुंबईत शिक्षक. शिवछत्रपतींचे मोठे मराठी चरित्र लिहिणारे, म्हणून पार्काजवळ त्यांचे नाव. पण यांनीच १९०७ साली भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी मॅट्रिक झाला तेव्हा त्याच्या सत्कारात स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती दिले, आणि पुढे त्याच्या शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. त्या पुस्तकापासून १९५६ च्या धर्मांतरापर्यंतची वाट सरळ नसेल, पण तिचा पहिला दगड तोच. ज्याने ते पुस्तक दिले त्याच्या नावाच्या रस्त्यावर आम्ही नळाला कुलूप घालत होतो.

भागोजीशेठ कीरांचेही तसेच. रत्नागिरीचा भंडाऱ्याचा पोर, मुंबईत येऊन बांधकामाचा मोठा ठेकेदार झाला. दादरच्या समुद्राकाठची हिंदूंची स्मशानभूमी त्यांच्या औदार्यातून झाली. रत्नागिरीत सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिर १९३१ साली बांधले तेही त्यांनीच. पार्कातला प्रत्येक जण शेवटी कीरांच्या जागेत जातो. त्यांचे नाव विचारले तर दहातले दोन सांगतील.

नव्या काळाविषयी फार लिहीत नाही. डोळ्यांसमोर आहे ते सगळ्यांना दिसते. २०१० साली उच्च न्यायालयाने पार्क शांतता क्षेत्र ठरवला. सह्यांच्या अर्जावर माझीही सही होती आणि मला तिचा पश्चात्ताप नाही. छातीत धडधडेपर्यंत कर्णे लावून संस्कृती टिकते असे मी मानत नाही. मात्र २६ जानेवारी, १ मे आणि ६ डिसेंबर हे दिवस न्यायालयाने वगळले, तेव्हा ‘पहिले दोन ठीक आहेत’ असे आमच्याच कट्ट्यावर बोलले गेले. पुढे बिगरखेळाच्या कार्यक्रमांना वर्षातले ४५ दिवस ठरले. २०१२ साली या परिसराला वारसा परिसर ठरवण्याची यादी आली तेव्हा सर्वांत मोठा विरोध केला तो रहिवाशांनीच, कारण वारसा ठरला की इमारत पाडता येत नाही. संस्कृती आमची, पण चटईक्षेत्रही आमचेच! मी हसत नाही. गळके छप्पर आणि लिफ्टवाचून दोन मजले हे सत्तरीनंतर हसण्यासारखे नसतात. जुन्या इमारतींच्या जागी उंच मनोरे येत आहेत. टपालपेट्यांवरची नावे बदलली आहेत. सोड्यांचा वास जिन्यात येत नाही, आणि काही नव्या इमारतींत तो येऊ नये अशीच अपेक्षा असते. गल्लीतला मराठीचा टक्का कमी होतो म्हणून कट्ट्यावर रोज शोक होतो. ते दुःख मलाही आहे. परंतु शुद्ध मराठी, तीही परभणीची, वर्ध्याची, साताऱ्याची, वर्षातून दोन-तीन दिवस लाखो तोंडांनी पार्कात बोलली जाते. पुस्तकांच्या दुकानांपुढे रांगा लागतात, भाकरीच्या पैशातून पुस्तक घेणारी माणसे तिथे दिसतात. त्या मराठीची मोजणी कट्ट्यावरच्या शोकसभेत कोणी केल्याचे मी ऐकलेले नाही.

दिवाळीत आता पार्क रोषणाईने असा काही उजळतो की लांबलांबचे लोक तो पाहायला येतात. माहीमच्या कंदील गल्लीतून आणलेला आमचा एकुलता एक आकाशकंदील त्या झगमगाटात बिचारा दिसतो. यंदा तो गॅलरीच्या जुन्याच आकड्याला टांगला आहे. तो आकडा भाऊंनी १९४१ साली ठोकला होता. पुढच्या दिवाळीला गॅलरी नसेल. आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. करार झाला, सह्या झाल्या, नोव्हेंबरअखेर जागा रिकामी करून द्यायची आहे. परवा बिल्डरचा एक तरुण माणूस सामानाची मोजदाद करायला आला होता. मी त्याला म्हटले, “आठ दिवस वाढवून मिळतील का? ७ डिसेंबरला निघतो.”

तो चांगल्या स्वभावाचा होता. त्याने मोबाइलवर तारीख पाहिली आणि काळजीने म्हणाला, “आजोबा, सहा तारखेला इथे भयंकर गर्दी असते. ट्रक आत येणार नाही. त्यापेक्षा तीन तारखेलाच निघा ना, मी व्यवस्था करतो.”

“ट्रक सातलाच पाठवा,” मी म्हटले. “आणि माळ्यावर एक जुना माठ आहे, तो सामानात धरू नका. तो मला खाली न्यायचा आहे.”